मोडलेला कौल

त्या भूकंपात आमच्या भागात कुणाचं काही पडलं नाही. भिंतीला चीर गेली नाही, फळीवरचा डबासुद्धा खाली आला नाही. पडल्या त्या फक्त झेंडूच्या चार पाकळ्या, आणि त्यांनी मला इतका मनस्ताप दिला की आजही कुणी हौसेनं भूकंपाच्या आठवणी सांगायला लागलं, की मी उठून चहा टाकायला जाते.

कोयनेच्या मोठ्या भूकंपाला तेव्हा दोन-चार वर्षं होऊन गेली होती. त्यानंतर जमीन अधूनमधून जराशी हलायची आणि लोकांना बोलायला विषय द्यायची. मी कर्जतला प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि दहिवलीला एक खोली भाड्यानं घेऊन राहत होते. घर कळंबच्या पुढे. शनिवारी शाळा सुटली की नेरळपर्यंत गाडी आणि तिथून एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर जे मिळेल ते, असं करत मी घरी जायचे.

आईला दिसेनासं झालंय हे मला फार उशिरा कळलं, कारण ते लपवण्यात ती पटाईत होती. तांदळातले खडे ती बोटांनी शोधायची. घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी असली पाहिजे असा तिचा दंडक होता, तो मला टापटिपीचा वाटायचा. मी दारात उभी राहिले की "कोन गं?" म्हणायची आणि मी बोलले की थट्टा केल्यासारखी हसायची. मग एका शनिवारी तिनं माझ्यासमोर कपाच्या शेजारी, सरळ जमिनीवर चहा ओतला. मी तिला उजेडात नेऊन बसवलं आणि डोळ्यांत पाहिलं, तर बुबुळावर ताकाचा थेंब पडावा तसा पांढुरका ठिपका. दोन्ही डोळ्यांत.

कर्जतच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू आहे आणि पुरता पिकलाय. आणखी थांबलात तर आतल्या आत फुटेल, डोळा ठणकायला लागेल, आणि मग गेलेली नजर परत येणार नाही. ऑपरेशन करा. सुदैवानं त्याच महिन्यात खालापूरच्या एका शाळेत डोळ्यांचं शिबिर भरणार होतं. मुंबईहून डॉक्टर येणार होते. मी धावपळ करून आईचं नाव घातलं. गुरुवारी सकाळी हजर राहायचं होतं. पुढच्या वर्षी शिबिर होईल का, असं विचारलं, तर तिथल्या माणसानं नुसते खांदे उडवले.

मी बाबांना सगळं समजावून सांगितलं. ते नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणाले असते तर मी भांडले असते, मला भांडता येतं. बाबा म्हणाले, "देवीला इचारू."

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. गावदेवीच्या दगडी मूर्तीच्या खांद्यांवर गुरव पाण्यात बुडवलेल्या पाकळ्या चिकटवतो, दोन उजवीकडे, दोन डावीकडे. मग मोठ्यानं गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. पाकळ्या वाळत जातात आणि कधीतरी एक सुटून पडते. उजवीकडची आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावीकडची पडली तर नको म्हणाली. याला म्हणतात कौल लावणं. तोवर सगळ्यांनी हात जोडून ताटकळायचं. पावसाळ्यात हवा दमट असली की पाय मोडून यायचे, पण पाकळी काही सुटायची नाही.

आमच्या बाबांना कौलाशिवाय पाऊल उचलवत नसे. बैल घ्यायचा, लावा कौल. गोठ्याचं दार कुठल्या बाजूला करायचं, लावा कौल. लग्नाच्या नव्या नवलाईत त्यांनी काकडीचा वेल कुठे चढवायचा हेसुद्धा देवीला विचारलं होतं, असं आई सांगायची. पण माझी पंचाईत वेगळीच होती. सातवीनंतर मला पुढे शिकायला पाठवावं का, याचाही कौल लागला होता आणि उजवीकडची पाकळी आधी पडली होती. म्हणजे ज्या पाकळ्यांना मी नावं ठेवत होते, त्यांच्याच कृपेनं मी बाई म्हणून शाळेत उभी होते. बाबा हे कधी बोलून दाखवत नसत. मी तावातावानं बोलायला लागले की नुसते माझ्याकडे बघत राहायचे, आणि मला आणखीच राग यायचा.

रविवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. गुरव, बाबा, मी, आई, आणि आमंत्रण नसताना थोरले काका. काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. शेलूच्या कुणा म्हाताऱ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याचा डोळा गेला, ही हकिकत ते सबंध वाटभर सांगत आले. तो म्हातारा नात्यातला कोण, हे त्यांना सांगता येत नव्हतं. आईला उभं राहवेना, म्हणून मी तिला देवीच्या समोर फरशीवर बसवलं. थोरल्या दिरासमोर म्हणून तिनं पदर कपाळाखाली ओढून घेतला होता. तसाही त्या पदराआड अंधारच होता.

गुरवानं पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "आई, हिच्या डोळ्याचं करायचं म्हनत्यात. करायचं असंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे. लेकरं अडानी हायत, सांभाळून घे."

मग वाट बघणं सुरू झालं. मी मनातल्या मनात एसटीचं वेळापत्रक मांडत होते. काकांनी पुन्हा शेलूचा म्हातारा काढला, गुरवानं त्यांना हाताच्या खुणेनं गप्प केलं.

आणि पायांखालून काहीतरी सरकत गेलं. भरलेला ट्रक जवळून जावा तसं, पण आमच्या देवळाजवळ ट्रकचा रस्ताच नव्हता. पुढ्यातलं तांब्याचं ताम्हण दगडावर किणकिणलं. घंटा वाजली नाही, तिची साखळी तेवढी झुलली. बाहेर कुत्री भुंकली. काय होतंय ते कळेपर्यंत ते संपलंसुद्धा. आणि चारही पाकळ्या देवीच्या पायाशी पडलेल्या.

"दोनीकडच्या पडल्या," बाबा म्हणाले.

"दोनीकडच्या," गुरव म्हणाला.

"मग देवी काय म्हनली?"

गुरवानं डोकं खाजवलं. "म्हनली असंल कायतरी."

"देवी काही म्हणाली नाही, बाबा," मी म्हणाले. "भूकंप झाला. जमीन हलली."

"कुठं हलली?" काका म्हणाले. "मी हितंच उभा हाय. मला नाय कुनी हलवलं." काका पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांच्या अंगावर बैलगाडी घातली असती तरी ते हलले नसते.

बाबांनी सावकाश विचार केला. त्यांचा विचार होईपर्यंत माझा जीव नेहमीच मेटाकुटीला येई. शेवटी ते म्हणाले, "भूकंप असला तर कौल मोडला. मग परत लावता येईल. पन देवीनंच अंग झाडलं असंल, तर तिला नको हाय. मग इचारायचं काय राहिलं?"

म्हणजे आता आईची नजर वाचवण्यासाठी मला भूकंप सिद्ध करायचा होता. मास्तरकीच्या परीक्षेत असला प्रश्न आला नव्हता.

मी गावभर विचारत फिरले. जे बसले होते त्यांना काहीतरी जाणवलं होतं, जे चालत होते त्यांना काहीच नाही. एकीच्या फळीवरची झाकणं वाजली होती, तर तिनं मांजराला बडवलं होतं. आता मांजराची साक्ष कोण काढणार? एक आजोबा खाटेवर पडून होते. त्यांनी ठासून सांगितलं की हललं. मला एवढा आनंद झाला, तर म्हणाले, "मला रोजच हलतं." दुकानदाराच्या मते घाटात रेल्वेचे सुरुंग लागले असतील. गावातला रेडिओ त्याच्याच दुकानात होता. संध्याकाळी मी तिथं ठाण मांडून बातम्या ऐकल्या. सरकार, हवामान, बाजारभाव, सगळं झालं. भूकंपाचं नाव नाही.

"आला का तुझा भूकंप?" काकांनी विचारलं, जणू मी कुणाला जेवायला बोलावलं होतं.

घरी आई चुलीपाशी बसून बोटांनी तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसकण मारली. "आई, तू तर बसली होतीस. तुला जाणवलं ना?"

"जानवलं की. बुडाखाली चांगलं हललं."

"मग सांग ना त्यांना!"

"मला कोन इचारतंय," ती म्हणाली आणि एक खडा वेचून बाजूला ठेवला. मी इतकी वैतागलेली होते की ते मी ऐकलं आणि सोडून दिलं.

सोमवारी शाळेत कुणालाच काही जाणवलेलं नव्हतं. भूगोल शिकवणारे गुरुजी मात्र खूश झाले. धक्का खूप खोलवर झाला असला की तो लांबलांब पोचतो, पण वर येईपर्यंत त्याचा जोर सरतो, असं त्यांनी फळ्यावर आकृती काढून मला समजावलं. मी म्हटलं, हे माझ्या बाबांना येऊन सांगाल का? तर त्यांना वह्या तपासायच्या होत्या. मंगळवारच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर, कांद्याचे भाव आणि सायकलची जाहिरात यांच्यामध्ये, चार ओळी सापडल्या. रविवारी सकाळी कोकणात काही ठिकाणी हलका धक्का जाणवला, त्याचं मूळ जमिनीत फार खोल होतं आणि कुठे हानी झालेली नाही. हानी नाही हे वाचून माझं टाळकं सरकलं. आमच्या घरी येऊन बघा म्हणावं.

मी मुख्याध्यापकांकडे रजा मागितली. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, भूकंप. "काही हानी?" त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं. "होऊ नये म्हणून चाललेय," मी म्हणाले.

बुधवारी दुपारी घरी पोचले, तर काका ओटीवर बसलेलेच. मी बाबांच्या हातात वर्तमानपत्र दिलं. बाबांनी अक्षरांखाली बोट फिरवत, मोठ्यानं, एकेक शब्द वाचला. मी उभ्या उभ्या घामाघूम झाले होते, पण मनातून जिंकले होते.

"खोल म्हंजे?" बाबांनी विचारलं.

"जमिनीच्या खूप आतून. कित्येक कोस खाली."

बाबा विचारात पडले. "म्हंजे देवीच्या पायाखालनं."

"सगळ्यांच्याच पायाखालून, बाबा. लांबलांबच्या गावांना लागलाय तो."

"त्या गावांनी कुठं कौल लावला व्हता?" काका म्हणाले. "भूकंप झाला, मानलं. पेपरात हाय म्हंजे झाला. पन करतो कोन? आन नेमका आपन इचारला तवाच?"

मी कपाळावर हात मारून घेतला. तीन दिवस वणवण करून मी भूकंप सिद्ध केला होता आणि त्यांनी तो उचलून देवीच्या पदरात टाकला होता. माझा तोल सुटला. मी नको नको ते बोलले. उद्या सकाळी डॉक्टर येणार, आठवड्याभरात परत जाणार, आणि ही बाई जन्मभर भिंती चाचपत बसणार, ती तुमच्या पाकळ्यांपायी. तुम्हाला चालेल ना? मग चालू द्या.

बाबा वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. छोटी, आणखी छोटी. "मी नाय म्हनत नाय गं," ते म्हणाले. "पन मी नेलं आन डोळा गेला, तर? मी कुनाकडं बघू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते घाबरले होते, इतकंच. इतके दिवस माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं, आणि आता आलं तर त्याचं काय करावं ते मला सुचेना. माझा राग गेला नाही, पण तो कुणावर काढायचा हे कळेनासं झालं.

तेवढ्यात माजघराच्या दारात आई दिसली. एक हात चौकटीवर, पदर पुढे ओढलेला. माझ्या आठवणीत तरी ती थोरल्या काकांसमोर कधी तोंड उघडून बोलली नव्हती.

"कौल लागला तवा मी तिथं बसली व्हती," ती म्हणाली. "उजवी पडली, डावी पडली का दोनी पडल्या, मला कायबी दिसलं नाय. तुमी सांगताय म्हनून मी धरून चालायचं. डोळा माझा, कौल माझ्या डोळ्याचा, आन बघनार तुमी."

बाबांचा घडी घालणारा हात थांबला. ती पुढे म्हणाली,

"असा कौल मी धरत नाय. पयला डोळा करून आना. मग लावा पुनवेला. मी समोर बसून सवता बघीन, आन देवी काय म्हनती ते मीच सांगन तुमाला."

"आधी करायचं आन मग इचारायचं?" काका म्हणाले. "असं कुठं असतं?"

आईनं त्यांच्याकडे तोंड वळवलं नाही. ती बाबांना म्हणाली, "भावजींना सांगा, आंधळ्यानं देवीपुढं बसून काय उपेग नाय."

बाबांनी ते काकांना सांगितलं नाही, काका दोन हातांवरच बसलेले होते. पण बाबांचा चेहरा मी पाहिला. देवीचा शब्द कुणी मोडत नव्हतं, कौल फक्त पुढे ढकलला होता, आणि एवढी फट त्यांना पुरेशी होती. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी स्वतः उठून कापडी पिशवी शोधली आणि आईची लुगडी तिच्यात भरायला घेतली. उलटी घडी घालून, पण घेतली.

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी, मग नेरळहून कर्जत, कर्जतहून खोपोलीची गाडी आणि तिथून पुन्हा एसटी, असं करत आम्ही वेळेवर खालापूरला पोचलो. बाराखडीचे तक्ते लावलेल्या वर्गात ओळीनं गाद्या टाकल्या होत्या. एका वेळी एकच डोळा करत. ऑपरेशन झाल्यावर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून आईला निजवलं आणि मान हलवायची नाही अशी सक्त ताकीद दिली. बाबा पट्टी सुटेपर्यंत वर्गाच्या दाराबाहेर उकिडवे बसून होते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला ते उठून नमस्कार करायचे. शेवटी त्या दुसऱ्या दारानं जायला लागल्या.

"परत जमीन हलली असती, तरी मी हलली नसती," आई नंतर सांगायची.

पुढची पुनव डोळ्यावर हिरवं फडकं होतं तोवरच येऊन गेली. मग चष्मा आला, बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा. पहिल्या दिवशी आईनं कपाला हात घातला तो वीतभर अलीकडेच, कारण त्या भिंगांतून सगळं जवळ आणि मोठं दिसे. मग तिनं घरभर नजर फिरवली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "असल्या जळमटात जेवत व्हतो आपन?" आणि केरसुणी मागितली. तिला वाकू नको म्हणून सांगता सांगता माझा घसा बसला.

त्याच्या पुढच्या पुनवेला बाबा सकाळीच अंघोळ करून तयार. मी म्हटलं, बाबा, आता काय विचारायचं राहिलंय? ऑपरेशन होऊन गेलं. ते म्हणाले, शब्द दिलाय. मी म्हटलं, निदान प्रश्न तरी बदला, दुसरा डोळा करायचा का ते विचारा. तेही नाही. आधीचा कौल मोडलाय, तोच पुरा करायचा. मी हात टेकले आणि त्यांच्यामागून निघाले. काका आधीच देवळात येऊन बसले होते.

गुरवानं पाकळ्या लावल्या आणि अगदी तेच गाऱ्हाणं घातलं, हिच्या डोळ्याचं करायचं म्हनत्यात, करायचं असंल तर उजवा दे. आई देवीच्या समोर बसली होती. चष्म्याला आड येतो म्हणून पदर तिनं मागे सारला होता, काका असतानाही. मी सवयीनं पायांखालची जमीन चाचपत होते. जमीन गप्प होती.

बराच वेळ गेला. मग डावीकडची एक पाकळी वरच्या बाजूनं सुटली, क्षणभर लोंबकळली आणि खाली पडली. उजवीकडच्या दोन्ही जिथल्या तिथे होत्या.

गुरव माझ्याकडे बघेना. बाबांचा चेहरा पार उतरला. काकांनी घसा खाकरला, आता ते बोलणार होते, आणि त्यांच्या आधी बोलायचं म्हणून मीही तोंड उघडलं.

आई पुढे वाकून देवीच्या पायाशी निरखून बघत होती.

"डावी पडली," ती म्हणाली. "कडंला जराशी सुकली हाय. दिसली मला."